मज्जारज्जूच्या दुखापतीवर स्कॅफोल्ड आणि जेल: निर्णय घेण्याआधी काय जाणून घ्यावे

आपल्या पत्रातील प्रश्न थोडक्यात असा आहे. आपला २६ वर्षांचा धाकटा भाऊ नऊ महिन्यांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात जखमी झाला. छातीच्या आठव्या मणक्याशी, म्हणजे आम्ही डॉक्टर ज्याला डी-८ म्हणतो त्या पातळीवर, मज्जारज्जूला मार बसला. दुसऱ्या दिवशी स्क्रू आणि रॉड घालून कणा स्थिर केला गेला. परंतु बेंबीच्या चार बोटे वरपासून खाली आजही हालचाल नाही आणि स्पर्शही कळत नाही. आता एका खासगी केंद्राने ‘मज्जारज्जूत जैविक स्कॅफोल्ड बसवून त्यात स्टेम सेल भरू, सहा महिन्यांत फरक दिसेल’ असे सांगून मोठी रक्कम मागितली आहे. ती उभी करण्यासाठी द्राक्षबागेचा तुकडा विकावा का, असे आपण विचारले आहे, आणि सोबत लुळे पडलेले उंदीर पुन्हा चालू लागल्याच्या बातम्यांची कात्रणेही पाठवली आहेत.

उत्तर आधी देतो, कारणे नंतर सांगतो. या उपचारासाठी बाग विकू नका. तुटलेल्या चेतातंतूंना वाढण्यासाठी स्कॅफोल्ड, म्हणजे सच्छिद्र पदार्थाचा आधार, द्यायचा ही ज्या कल्पनेवर हा उपचार उभा आहे ती खोटी नाही. चाळीसहून अधिक वर्षे जगातल्या चांगल्या प्रयोगशाळा तिच्यावर काम करीत आहेत, आणि पुनर्वसन वैद्यकात आयुष्य घालवलेला माणूस म्हणून त्या कामाकडे माझेही आशेने लक्ष असते. आपण पाठवलेल्या बातम्याही बहुतांशी खऱ्या आहेत. मात्र माणसाच्या मज्जारज्जूत बसवलेल्या स्कॅफोल्डमुळे, तो न बसवलेल्या तशाच रुग्णांपेक्षा अधिक सुधारणा होते, हे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, गट पाडून घेतलेल्या चाचणीत अजून ठामपणे सिद्ध झालेले नाही. ‘तो न बसवलेल्या तशाच रुग्णांपेक्षा’ हे शब्द कृपया लक्षात ठेवा, कारण पुढचे बहुतेक सगळे विवेचन त्यांच्याभोवतीच फिरणार आहे.

मार बसतो त्या क्षणी मज्जारज्जूचे सहसा दोन तुकडे होत नाहीत. सरकलेला मणका किंवा हाडाचा तुकडा त्याला चिरडतो. आतला करडा भाग रक्तस्रावाने निकामी होतो आणि बाहेरच्या पांढऱ्या भागाची एखादी कड पुष्कळदा शाबूत राहते. त्यानंतरच्या तासांत आणि दिवसांत दुसरे नुकसान सुरू होते. फुटलेल्या पेशींतून ग्लुटामेट हे रसायन बाहेर पडून शेजारच्या पेशींना मारते, सूज आल्याने रक्तपुरवठा आणखी आटतो, दाह निर्माण करणाऱ्या पेशी धावून येतात आणि चेतातंतूंवर मायलिनचे वेष्टण चढवणाऱ्या पेशीही मरू लागतात. काही आठवड्यांनी मेलेला भाग साफ होतो आणि त्या जागी द्रवाने भरलेली पोकळी उरते, जिच्याभोवती अॅस्ट्रोसाइट नावाच्या पेशींचा व्रण तयार झालेला असतो. या व्रणात कॉन्ड्रॉइटिन सल्फेट प्रोटिओग्लायकॅन हे रेणू असतात आणि आसपासच्या मायलिनमध्ये नोगो-ए हे प्रथिन असते. दोन्ही वाढू पाहणाऱ्या अक्षतंतूंना, म्हणजे चेतापेशींच्या संदेश नेणाऱ्या लांब धाग्यांना, रोखतात. म्हणून व्रण म्हणजे केवळ शत्रू, अशी समजूत दीर्घकाळ होती. परंतु २०१६ साली मायकेल सोफ्रोन्यू यांच्या गटाने उंदरांत दाखवून दिले की अॅस्ट्रोसाइटचा व्रण बनूच दिला नाही तर अक्षतंतूंची वाढ सुधारत नाही. ‘व्रण काढून टाकला की रस्ता मोकळा’ असे आपल्याला कोणी सांगितले असेल तर गोष्ट इतकी सरळ नाही, हे ध्यानात घ्यावे.

या क्षेत्राचा पाया १९८१ मध्ये कॅनडातील मॉन्ट्रियल येथे घातला गेला. सॅम्युएल डेव्हिड आणि अल्बर्ट अग्वायो यांनी उंदराच्या पायातील नस काढून तिचे एक टोक मेंदूच्या तळाशी आणि दुसरे मज्जारज्जूत बसवले, तेव्हा एरवी कधीच न वाढणारे मध्यवर्ती मज्जासंस्थेचे अक्षतंतू त्या नसेतून कित्येक मिलिमीटर वाढत गेले. प्रौढ मज्जारज्जूतील तंतूंना वाढता येत नाही ही तोवरची समजूत त्यामुळे कोसळली. वाढण्याची क्षमता काही प्रमाणात त्यांच्यात असते. भोवतीचे वातावरण त्यांना वाढू देत नाही. मग हे वातावरण कृत्रिम पदार्थाने बदलता येईल का, हा प्रश्न ओघानेच आला आणि त्यातून आजचे बायोमटेरियलचे, म्हणजे शरीरात बसवायच्या पदार्थांचे, शास्त्र उभे राहिले. त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली होती, जिचा उल्लेख बातम्यांत येत नाही: नसेतून वाढत आलेले तंतू दुसऱ्या टोकाला पोचून पुन्हा मज्जारज्जूत शिरले की फार थोडे अंतर जाऊन थांबत. पुलावर चढणे जमले, पुलावरून उतरणे जमले नाही. आजही ही अडचण पुरती सुटलेली नाही.

चांगल्या पदार्थाकडून अपेक्षा बऱ्याच असतात. तो मज्जारज्जूइतकाच मऊ हवा, कारण कडक वस्तू आत घासत राहिली तर नवा दाह होतो. त्यात आरपार सूक्ष्म वाटा हव्यात, शक्यतो डोक्याकडून पायाकडे जाणाऱ्या, म्हणजे तंतू भरकटणार नाहीत. तो फुगता कामा नये, कारण मज्जारज्जू हाडाच्या अरुंद नळीत असतो आणि तिथे दाब वाढला की उरलेला भागही दगावतो. शिवाय तो हळूहळू विरघळायला हवा, तोही अशा बेताने की तंतू पोचण्याआधी आधार नाहीसा होऊ नये आणि विरघळताना बाहेर पडणाऱ्या आम्लाने आसपासच्या पेशी होरपळू नयेत. यासाठी कोलॅजन, फायब्रिन, हायलुरोनिक आम्ल, अल्जिनेट आणि कायटोसान हे नैसर्गिक पदार्थ वापरून पाहिले गेले आहेत. कृत्रिम पदार्थांत पीएलजीए हा बहुलक (पॉलिमर) सर्वांत परिचित आहे, ज्याच्या जातीचा पदार्थ आपोआप विरघळणाऱ्या टाक्यांच्या दोऱ्यात असतो. आपण द्राक्ष पिकवता, म्हणून एवढेच सांगतो की मांडव उत्तम घातला तरी वेलीच्या मुळाशी जोर नसेल तर ती चढत नाही. प्रौढ माणसाच्या मेंदूतून निघणाऱ्या अक्षतंतूंचा वाढीचा जोर मुळात कमी असतो. त्यामुळे केवळ आधार देऊन भागत नाही. त्यात वाढीचे संकेत, औषधे किंवा जिवंत पेशी भराव्या लागतात.

औषध टिकवून ठेवणे हे काम वरकरणी साधे वाटते, पण तिथेच पुष्कळ घोडे अडते. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील गटाने २००२ मध्ये दाखवले की कॉन्ड्रॉइटिनेज नावाचे विकर (एन्झाइम) व्रणातील अडवणारे रेणू कापते आणि त्याने उंदरांची हालचाल सुधारते. पण हे विकर शरीराच्या तापमानाला काही दिवसांतच निष्प्रभ होते, आणि माणसाच्या मज्जारज्जूत रोज सुई घालणे शक्य नाही. २०१० मध्ये रवी बेल्लमकोंडा यांच्या गटाने ट्रेहॅलोज या साखरेच्या साहाय्याने ते उष्णतेत टिकवले आणि जेलमधील सूक्ष्म नळ्यांतून सावकाश सोडण्याची पद्धत उंदरांत यशस्वी केली. अशी कामे बातमीत येत नाहीत, परंतु उद्या कधी खरा उपचार हाती आला तर तो बहुधा याच प्रकारच्या बारीकसारीक कामांच्या बळावर येईल.

आता आपल्या कात्रणांतील प्रयोगांकडे वळू. ‘नाचणारे रेणू’ म्हणून गाजलेला प्रयोग अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील सॅम्युएल स्टप यांच्या गटाचा असून तो नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी द्रवरूपात टोचता येणारा आणि ऊतीत गेल्यावर सूक्ष्म तंतूंचे जाळे बनणारा पदार्थ तयार केला; त्यावर पेशींना वाढीचा इशारा देणारे दोन संकेत जोडले; आणि ज्या पदार्थातील रेणू अधिक मोकळेपणाने हलतात त्याचा परिणाम अधिक चांगला होतो, असे दाखवले. लुळे पडलेले उंदीर चार आठवड्यांत चालू लागले. प्रयोग उत्तम होता यात शंका नाही. मात्र ते इंजेक्शन दुखापतीनंतर एका दिवसाने दिले होते, नऊ महिन्यांनी नव्हे. त्रिमितीय छपाईचा प्रयोग २०१९ मधला, सॅन डिएगो येथील शाओचेन चेन आणि मार्क टुशिन्स्की यांच्या गटांचा. त्यांनी उंदराच्या मज्जारज्जूच्या मापाचा दोन मिलिमीटरचा आधार १.६ सेकंदांत छापला, त्यात चेतापेशींच्या पूर्वपेशी भरल्या आणि त्यातून तंतू आरपार गेल्याचे दाखवले. एमआरआयवरून माणसाच्या जखमेच्या आकाराचा आधार छापून पाहण्यापर्यंतही ते पोचले, पण तो कोणा रुग्णात बसवलेला नव्हता. तिसरे कात्रण तेल अवीव विद्यापीठातील ताल द्वीर यांच्या २०२२ च्या कामाचे आहे. त्यात पोटातील चरबीच्या पडद्यापासून बनवलेले जेल आणि मानवी पेशींपासून घडवलेले मज्जारज्जूचे ऊतक यांचे प्रत्यारोपण जुनी दुखापत असलेल्या उंदरांतही उपयोगी पडले. आपल्या भावाची दुखापत जुनी असल्याने तिन्हींपैकी हाच प्रयोग त्याच्या स्थितीच्या सर्वांत जवळ जातो, तरीही तो उंदरांवरचाच आहे.

उंदीर आणि माणूस यांतील अंतर केवळ आकाराचे नाही. प्रयोगशाळेतील दुखापत एकाच यंत्राने, एकाच जोराने, एकाच जागी केलेली असते. अपघातात तसे नसते. उंदरात दोन-तीन मिलिमीटरची पोकळी भरायची असते, माणसात ती कित्येक सेंटिमीटरची असू शकते, आणि ती ओलांडल्यानंतरही तंतूंना पायांच्या स्नायूंना चालवणाऱ्या केंद्रांपर्यंत लांब जावे लागते. उंदराच्या मज्जारज्जूतील चालण्याची केंद्रे मेंदूच्या थोड्याशा इशाऱ्यावरही पुष्कळ काम करतात. दोन पायांवर तोल सांभाळणाऱ्या माणसाला मेंदूचे नियंत्रण कितीतरी अधिक लागते.

माणसांत काय घडले, ते जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या निर्णयासाठी हाच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. २००२ मध्ये रॉबर्ट लँगर आणि इव्हान स्नायडर यांच्या गटांनी पीएलजीएचा सच्छिद्र आधार उंदरांत वापरून चांगले परिणाम दाखवले होते. पुढे अमेरिकेतील इनव्हिवो थेरप्युटिक्स या कंपनीने पेशी न भरलेला, केवळ पदार्थाचा असा आधार माणसासाठी तयार केला. ऑक्टोबर २०१४ मध्ये फिनिक्स येथील बॅरो न्यूरोलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये तो पहिल्यांदा एका तरुण रुग्णाच्या मज्जारज्जूत बसवला गेला. शस्त्रक्रिया अशी असते: कणा स्थिर केल्यावर मज्जारज्जूचे आवरण उघडतात, सूक्ष्मदर्शकाखाली जखमेच्या जागी छोटा छेद घेतात, आतला मृत, पातळ झालेला भाग बाहेर येऊ देतात किंवा हलकेच धुऊन काढतात, आणि झालेल्या पोकळीत काही मिलिमीटर जाडीची स्पंजासारखी कांडी सरकवून आवरण पुन्हा शिवतात. त्या पहिल्या रुग्णाची श्रेणी तीन महिन्यांत ए वरून सी वर गेली, आणि ही बातमी जगभर पोचली.

या श्रेणी म्हणजे काय, ते इथेच सांगायला हवे. ए ते ई या पाच श्रेणींच्या या मापनपट्टीत ए म्हणजे पूर्ण दुखापत. ए आणि बी यांतील फरक ज्या तपासणीवर ठरतो ती फार साधी आहे. रुग्णाला कुशीवर वळवून गुदद्वाराच्या अगदी कडेला कापसाच्या टोकाने आणि मग सेफ्टी पिनने स्पर्श करतात, त्याला डोळे मिटायला सांगून ‘लागले का, कोणत्या बाजूला’ असे विचारतात, आणि बोट आत घालून दाब कळतो का, स्नायू मुद्दाम आवळता येतो का ते पाहतात. यांपैकी एखादी संवेदना खात्रीने कळली तर श्रेणी ए राहत नाही. आवळणे जमले तर ती निदान सी होते. म्हणजे ए वरून बी वर जाणे ही खरी सुधारणा असली तरी तिचा अर्थ चालणे असा होत नाही. तसेच अपघातानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत, गुंगीची औषधे चालू असताना आणि मज्जारज्जू धक्क्यात असताना, ही तपासणी चुकू शकते; पहिल्या दिवशी ए वाटलेला रुग्ण मुळात बी असू शकतो.

आता पुढचा भाग. त्या कंपनीच्या पहिल्या अभ्यासात, ज्याचे नाव इन्स्पायर होते, छातीच्या पातळीवर पूर्ण दुखापत झालेल्या १९ रुग्णांत आधार बसवला गेला. सहा महिन्यांनी मोजता आलेल्या १६ जणांपैकी ७ जणांची श्रेणी सुधारली. जुन्या नोंदींच्या आधारे यशाची रेषा २५ टक्क्यांवर ठरवली होती आणि निकाल तिच्या बराच वर, सुमारे ४४ टक्के आला. यावर कोणाही कुटुंबाने जमीन विकली असती आणि त्यांना दोष देता आला नसता. परंतु त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. म्हणून दुसरी चाचणी घेतली गेली: यादृच्छिक पद्धतीने दोन गट, प्रत्येकी दहा रुग्ण, एका गटाला नेहमीची शस्त्रक्रिया आणि आधार, दुसऱ्याला केवळ नेहमीची शस्त्रक्रिया. २०२३ मध्ये निकाल आला. आधार बसवलेल्या दहांपैकी दोघे सुधारले आणि न बसवलेल्या दहांपैकी तिघे. २०२४ च्या सुरुवातीला ती कंपनी दिवाळखोरीत गेली.

या निकालावरून आधार घातक ठरतो असे मी म्हणत नाही. दहा-दहा रुग्णांत दोन आणि तीन यांतील फरकाला अर्थ नसतो. पण ज्यांना काहीच विशेष दिले नाही त्यांच्यातले तिघेही सुधारले, याला मोठा अर्थ आहे. एरवीच्या नोंदींनुसार पूर्ण दुखापत झालेल्या साधारण पाच रुग्णांपैकी एकाची श्रेणी पहिल्या वर्षात आपोआप बदलते, आणि लवकर शस्त्रक्रिया, उत्तम अतिदक्षता आणि नियमित व्यायाम मिळाल्यास हे प्रमाण वाढूही शकते. ही नैसर्गिक सुधारणा आणि उपचाराचा परिणाम बाहेरून अगदी सारखे दिसतात. रुग्णाला वेगळे वाटत नाही, नातेवाइकांना वाटत नाही, आणि प्रामाणिक शल्यचिकित्सकालाही वाटत नाही. दोन्हींतला भेद फक्त तुलनेचा गट दाखवू शकतो.

असेच दुसऱ्या एका उपचाराचे झाले. सेथ्रिन नावाचे औषध, वाढ थांबवणाऱ्या ऱ्हो (Rho) या प्रथिनाला रोखणारे, फायब्रिनच्या गोंदात मिसळून शस्त्रक्रियेच्या वेळी मज्जारज्जूच्या आवरणावर लावत असत. सुरुवातीच्या अभ्यासात, विशेषतः मानेच्या दुखापतीत, आकडे आशादायक होते. नंतरच्या तुलनात्मक चाचणीत फायद्याची शक्यता दिसेना, म्हणून ती २०१८ मध्ये थांबवण्यात आली.

आपल्याला सांगितलेल्या उपचाराशी सर्वांत जवळचे काम चीनमध्ये चायनीज अकॅडमी ऑफ सायन्सेसचे दाई जियानवू यांच्या गटाने केले आहे. एका दिशेने मांडलेल्या कोलॅजनच्या धाग्यांचा आधार, त्यात अस्थिमज्जेच्या किंवा नाळेच्या पेशी. २०१५ पासून त्यांनी ताज्या आणि जुन्या अशा दोन्ही प्रकारच्या दुखापतींत तो वापरला. जुन्या दुखापतीत त्यांनी विजेच्या संकेतांनी तपासत, जिथून काहीच संदेश जात नाही एवढाच व्रण काढला. शस्त्रक्रिया सुरक्षितपणे करता येते आणि काही रुग्णांत संवेदना किंवा स्वायत्त (शरीरात आपोआप चालणाऱ्या) कार्यांत थोडा बदल दिसतो, असे त्यांचे अहवाल आहेत. मी ते आदराने वाचतो. पण गट लहान आहेत, आणि ज्या कसोटीवर अमेरिकेतला आधार टिकला नाही ती कसोटी इथे अजून लागायची आहे.

केवळ पेशींबाबतही चित्र असेच आहे. जपानमधील केइओ विद्यापीठाने डिसेंबर २०२१ पासून चार रुग्णांत आयपीएस पेशींपासून (प्रौढ पेशींना मूळ अवस्थेत नेऊन बनवलेल्या स्टेम सेलपासून) बनवलेल्या चेतापूर्वपेशी, दुखापतीनंतर काही आठवड्यांतच, सोडल्या; २०२५ मध्ये जाहीर झालेल्या माहितीनुसार त्यांतील दोघांच्या हालचालीत सुधारणा होती. आपल्याकडे दिल्लीच्या इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटरने स्वतःच्याच अस्थिमज्जेच्या पेशींवर तुलनेचा गट ठेवून अभ्यास केला आणि २०१६ मध्ये स्पष्ट लिहिले की पद्धत सुरक्षित व व्यवहार्य आहे, मात्र परिणामकारकता दिसली नाही. असा निकाल प्रसिद्ध करायला सचोटी लागते.

आता आपल्या भावाच्या बाबतीतला धोका. नऊ महिने झाल्यावर मज्जारज्जूत काही बसवायचे तर तो पुन्हा उघडावा लागतो, चिकटलेली आवरणे सोडवावी लागतात आणि व्रण कापावा लागतो. तपासणीत पूर्ण दिसणाऱ्या दुखापतीतही पांढऱ्या भागाची पातळ कड शाबूत असू शकते, हे मी वर सांगितले; ती या कापाकापीत जाऊ शकते, आणि भविष्यातील कोणत्याही उपचाराला तिचीच सर्वाधिक गरज असेल. दुखापतीची पातळी एक-दोन मणके वर सरकली तर पोटाचे आणि पाठीचे आज काम करणारे स्नायू जातील व बसतानाचा तोल बिघडेल. मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याची गळती, आवरणाचा जंतुसंसर्ग, आधीपेक्षा तीव्र जळजळ आणि आखडणे, किंवा पोकळी वर पसरत जाऊन हातांपर्यंत पोचणे, हे सर्व शक्य आहे. अर्धवट तपासलेल्या पेशींचा परिणाम वर्षांनंतरही दिसू शकतो: पोर्तुगालमध्ये नाकाच्या अस्तरातील ऊतीचे प्रत्यारोपण करून घेतलेल्या एका तरुण स्त्रीच्या मज्जारज्जूत आठ वर्षांनी गाठ आढळली, जिच्यात शेंबडासारखा द्राव साठला होता. अमेरिकेतील डॉक्टरांनी ती काढली आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. आधी पेशी टोचून घेतलेल्या रुग्णांना पुढच्या खऱ्या चाचण्यांत बहुधा घेतले जात नाही. आज पैसे देऊन घेतलेला उपचार उद्याचे दार बंद करू शकतो.

कायद्याच्या बाजूने पाहता, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार स्टेम सेलचा मज्जारज्जूच्या दुखापतीत वापर हा मान्य उपचार नाही. तो केवळ परवानगी घेतलेल्या चाचणीत करता येतो. अशा चाचणीची क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया येथे नोंद असते, नोंदणीकृत नैतिकता समितीची मान्यता असते, प्रयोगाधीन उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेतले जात नाहीत आणि प्रयोगामुळे इजा झाल्यास उपचार व भरपाईची जबाबदारी चाचणी घेणाऱ्यांवर असते. म्हणून त्या केंद्राला लेखी विचारा: नोंदणी क्रमांक काय आहे, आधार कोणत्या पदार्थाचा आहे आणि तो कोणी बनवला, तुमच्या रुग्णांची श्रेणी उपचाराआधी आणि एक वर्षाने उपचारात सहभागी नसलेल्या डॉक्टरांनी तपासली का, आणि तुलना कोणाशी केली. उत्तराऐवजी चालणाऱ्या रुग्णाची चित्रफीत पाठवली गेली तर त्या रुग्णाची मूळ श्रेणी विचारा. सी किंवा डी श्रेणीचे पुष्कळ रुग्ण योग्य पुनर्वसनाने चालू लागतात. ते स्कॅफोल्डचे यश नसते.

दरम्यान करण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते दुय्यम मानू नका. पुढे कोणतीही चाचणी सुरू झाली तरी शय्याव्रण असलेल्या, सांधे आखडलेल्या किंवा मूत्रमार्गात सतत संसर्ग असलेल्या रुग्णाला तीत प्रवेश मिळणे कठीण असते. खुर्चीत बसल्यावर दर पंधरा ते तीस मिनिटांनी हातांवर शरीर उचलून किंवा पुढे वाकून बैठकीवरचा दाब सोडणे, रात्री कूस बदलणे, रोज सकाळी माकडहाडाची आणि टाचांची त्वचा आरशात पाहणे, घोटे ताणून पाऊल काटकोनात ठेवणे आणि दर चार ते सहा तासांनी स्वच्छ कॅथेटरने लघवी काढून एका वेळी साठणारी लघवी पाचशे मिलिलिटरच्या आत ठेवणे, ही कामे चुकवू नयेत. कायमचा कॅथेटर अजून असेल तर तो काढण्याविषयी डॉक्टरांशी बोला. हातांना मदत करणाऱ्या त्वचेवरील विद्युत उद्दीपनाच्या यंत्राला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली आहे, परंतु ते मानेच्या दुखापतीसाठी आहे, डी-८ साठी नाही. त्यामुळे त्याच्या जाहिरातीमागेही आज जाऊ नये.

बाग विकून येणाऱ्या पैशाच्या एका लहान अंशात घराचा उंबरठा काढून उतार करता येईल, संडासाचे दार रुंद करता येईल, चांगली हलकी खुर्ची आणि दाब विभागणारी गादी घेता येईल आणि काही महिने पुनर्वसन केंद्रात राहता येईल. आपला भाऊ २६ वर्षांचा आहे, हात पूर्ण चांगले आहेत. डी-८ पातळीचा तरुण योग्य प्रशिक्षणाने खुर्चीत स्वतः चढतो-उतरतो, हाताने चालवता येणारी गाडी चालवतो आणि कमावतो. मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत या प्रकारचे पुनर्वसन होते. तिथे किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या पुनर्वसन विभागात जाताना अपघातानंतरच्या पहिल्या एमआरआयची आणि अलीकडच्या एमआरआयची मूळ फिल्म, शस्त्रक्रियेचा अहवाल, मूत्रपिंडाची सोनोग्राफी आणि गेल्या आठवड्याची लघवीच्या वेळांची व मापांची वही सोबत न्या. श्रेणीची तपासणी मात्र तिथे नव्याने करून घ्या, गुदद्वाराजवळच्या तपासणीसह, आणि ती पूर्ण लेखी मागून घ्या. नऊ महिन्यांपूर्वी घाईत लिहिलेल्या ‘ए’वर आजचा कोणताही निर्णय बेतू नये.